खाऱ्या पाण्यातलं निंदण

१४ जुलै, रविवार

नागपूरच्या रजतला आज फोटो पाठवला. दोन वर्षांपूर्वी माशांची टाकी त्याच्याच दुकानातून घेतली, तेव्हापासून काही अडलं की त्यालाच विचारते. तो म्हणाला, "मॅडम, हे केसाळ शेवाळ आहे. दगडावर एकदा बसलं की प्रवाळाला गुदमरवून टाकतं. घाबरू नका, पण नोंद ठेवा. काय टाकलं, काय बदललं, सगळं लिहा."

म्हणून ही वही.

टाकी तीन फुटांची, समोरच्या खोलीत डाव्या भिंतीला. खारं पाणी, पाच दगड, दगडांवर मऊ प्रवाळ. त्यातलं एक छत्रीसारखं, बाकीची शर्टाच्या बटणांएवढी. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउन माशांची जोडी आणि एक निळा मासा. "आमच्या हिनं महागावात समुद्र आणला," असं देवीलाल त्यांच्या शाळेत सांगतात. नवऱ्याची ही थट्टा आहे की कौतुक, ते मला अजून कळलं नाही.

आज पाणी तपासलं. नायट्रेट किरकोळ, फॉस्फेट जवळजवळ नाहीच. मग हे शेवाळ जगतं कशावर?

याडी, म्हणजे माझ्या सासूबाई, येऊन आज तीन आठवडे झाले. मामंजी उन्हाळ्यात गेले, त्यानंतर त्या ढाणकीकडच्या तांड्यात एकट्याच होत्या. चक्कर आली म्हणून तपासलं तर साखर दोनशे ब्याऐंशी. देवीलाल जाऊन आईला घेऊन आले. आल्यापासून त्या टाकीजवळच्या खुर्चीवर बसून असतात आणि मला एकच विचारतात, "मले घरी कधी सोडता?"

२१ जुलै

आजपासून कडक कारभार. टाकीचा दिवा दहा तासांऐवजी सहा तास. माशांना खाणं एक दिवसाआड, कारण माशांचं उरलेलं अन्न कुजतं आणि तेच शेवाळाचं खत होतं. जाता जाता याडींचंही ठरवलं. चहात साखर नाही, गूळ नाही, भात नाही. सकाळी जाताना दुपारच्या दोन भाकरी, भाजी आणि वाटीभर वरण झाकून ठेवायचं. गोळ्या सकाळ-संध्याकाळ.

त्यांना टाकीचंही समजावून सांगितलं.

"मंग ते काय खातीन?" त्या म्हणाल्या.

"पुरतं याडी त्यांना तेवढं."

त्यांनी खुर्ची टाकीकडे वळवून माझ्याकडे पाठ केली. मला वाटतं गुळाचा राग असावा.

३० जुलै

शेवाळ वाढलंच आहे. मागचा दगड हिरव्या जावळासारखा दिसतो. टूथब्रशनं घासलं, पाणी गढूळ झालं, चार दिवसांत पुन्हा तेवढंच.

मासे हल्ली सारखे डाव्या कोपऱ्यात गोळा होतात, याडींच्या खुर्चीच्या बाजूला. पंपाचा प्रवाह तिकडे कमी पडत असेल. तोंड फिरवून पाहीन.

याडींची उपाशीपोटी साखर एकशे नव्वद. नऊ दिवसांत इतका उतार. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही मान डोलावली. ताट रोज स्वच्छ, एक कण उरत नाही. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, सगळे पथ्याबद्दल खोटं बोलतात. घरचा पेशंट तेवढा सरळ निघाला.

९ ऑगस्ट

रजतनं ट्रॅव्हल्सच्या गाडीनं सहा समुद्री गोगलगायी पाठवल्या. ओल्या कापडात गुंडाळून, थर्माकोलच्या डब्यात. शेवाळ खातात म्हणे.

याडी डब्यात डोकावल्या. "सोयाबीनच्या वावरात गोगलगायी येचून येचून माणसं मेली, अन् तू इकत आणते?"

देवीलाल हसून हसून लाल झाले. मलाही हसू आलं. याडी हसल्या नाहीत, पण खुर्ची थोडी पुढे ओढून गोगलगायी काचेवर चढताना पाहत बसल्या. सकाळी मी दवाखान्यात गेले तेव्हा बसल्या होत्या, संध्याकाळी आले तेव्हाही तिथंच. इतकं करमत नाही बिचारीला.

१७ ऑगस्ट

याडी तीजसाठी तांड्यावर गेल्या. पोरींनी टोपल्यांत गहू पेरले असतील, गाणी चालू झाली असतील. दहा दिवस तिथंच राहतील. त्यांच्या नणंदेला, धुरपताबाईला, गोळ्यांच्या वेळा मी लिहून दिल्या.

गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाल्या, "त्याईले पाह्यजो. उपाशी ठेवू नको."

अडीच तपं झाली लग्नाला, अजून यांना वाटतं मी त्यांच्या लेकाला उपाशी ठेवते. देवीलालना सांगितलं तर त्यांनी पोटावरून हात फिरवला.

२७ ऑगस्ट

शेवाळ निम्म्यावर आलं. खरंच निम्म्यावर. मागच्या दगडाचा जांभळा रंग दिसायला लागला, बटणं फुलली, छत्रीनं बोटं बाहेर काढली. मी रजतला तीन फोटो पाठवले. "गोगलगायींची कमाल," तो म्हणाला. मी म्हटलं, गोगलगायींची आणि शिस्तीची.

मासे मात्र डाव्या कोपऱ्यात तोंड वर करून उभे असतात. पंप फिरवूनही तेच.

याडी आज परतल्या. पायातल्या चपला काढल्या आणि पाणीही न पिता सरळ टाकीसमोर गेल्या. तिन्ही मासे उसळून काचेवर आले. "बारीक झाले," त्या म्हणाल्या. मासे बारीक कुठून होणार.

१० सप्टेंबर

लिहायला लाज वाटते. सगळं परत आलं. दोन आठवड्यांत पहिल्यापेक्षा दाट.

गाळणीतून येणारं पाणी तपासलं, शुद्ध आहे. तरी गाळणीतली कांडी बदलली. मीठ बदललं. एक गोगलगाय उलटी पडून मेली. रजतही आता विचार करून बोलतो. "मॅडम, कुठून तरी खत येतंय. तुम्ही सांगत नाही आहात असं काहीतरी टाकीत जातंय." मला राग आला. मी काय लपवणार? माझ्या घरात मी मोजल्याशिवाय काही जात नाही.

याडींची साखर एकशे बारा. एवढी एकच गोष्ट माझं ऐकते. भांडी घासायला येणाऱ्या नंदाबाईनं त्यांची पोलकी दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवून दिली. "लय सैल झाले होते, वहिनी," म्हणाली. पथ्य पाळलं की वजन उतरतंच.

२२ सप्टेंबर

रजतचा पुढचा उपाय म्हणजे तीन दिवस पूर्ण अंधार. टाकीवर जाड चादर टाकली. शेवाळाला उजेड मिळाला नाही की मरतं, प्रवाळ तेवढं सोसतं. माशांनाही तीन दिवस खाणं नाही.

याडींनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जीवाले अंधारात कोंडून काय भेटते तुले?"

"चांगल्यासाठीच आहे, याडी."

"चांगल्यासाठी मलेबी आणलं."

त्यांना टाकी आवडतच नाही, हे आता स्पष्ट आहे. समोर बसतात ते दुसरं काही पाहायला नाही म्हणून. आज चादर काढायला गेले तर डाव्या बाजूचा कोपरा आधीच वर झालेला. पंख्याच्या वाऱ्यानं उडाला असेल.

३ ऑक्टोबर

छत्री आठ दिवसांपासून मिटलेली. तिच्या बुडाशी केस वाढलेत, खाली हात घातला की गिळगिळीत लागतं. बटणांपैकी कितीतरी गेली. खोटं कशाला लिहू, टाकीसमोर उभं राहायचाही कंटाळा आलाय. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, नोकरीच्या प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा. ओहोटीला दगडांच्या खळग्यांत हिरवं-जांभळं काही हलत होतं. सोबतच्या बाया फोटो काढत होत्या, मी तिथं दीड तास उकिडवी बसले होते. आपल्या घरात असं काही असावं, एवढंच मनात होतं. जमलं नाही तर नाही.

जेवताना सांगून टाकलं. दसऱ्यापर्यंत सुधारलं नाही तर सगळं रजतला परत देऊन टाकते.

देवीलाल म्हणाले, "येवढी मेहनत केली तू. अजून थोडं पाह्य न."

याडींनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेल्या. साखर आज ब्याण्णव होती. आनंद व्हायला पाहिजे होता.

९ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवते.

सव्वा वाजता लॅबमध्ये नंदाबाईचा फोन. "वहिनी, आजी खुर्चीवर कलंडल्या. घामानं भिजल्या, हाक मारली तं बोलत नाही."

मी म्हटलं, "साखर घे, बोटानं गालाच्या आत चोळ. पाणी पाजू नको. मी आले." लॅबमधून घर सात मिनिटांचं, मी किती मिनिटांत गेले माहीत नाही. सुई टोचली तर साखर बेचाळीस. आयुष्यभर वाढलेली साखर मोजत आले, आणि माझ्याच घरात ही. डॉक्टर गाडी घेऊन आले, दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं. वीस मिनिटांत याडींनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि विचारलं, "देवा कुठं हाये?" देवीलाल शाळेतून निघाले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "आज जेवल्या होत्या?"

मी म्हटलं, "दोन भाकरी, भाजी, वरण. रोज तेवढंच."

"रोज एवढं खाणाऱ्या बाईची साखर इतकी कशी पडेल, सिस्टर? अन् वजन किती उतरलंय पाहा."

त्यांनी वजनकाट्यावर उभं केलं. जूनपासून नऊ किलो कमी. हे आकडे मी लिहिले नव्हते. साखर तेवढी लिहीत होते.

गोळ्या अर्ध्या केल्या आहेत. उद्या मी रजा टाकली.

१० ऑक्टोबर

दुपारी याडींना ताट वाढून दिलं आणि ताक आणायला आत गेले. परत आले तर त्या खुर्चीवरून उठून टाकीच्या डाव्या कोपऱ्याशी उभ्या होत्या. झाकण बोटभर वर केलेलं. चिमटीत भाकरीचा चुरा. खाली तिन्ही मासे तोंड वर करून.

त्यांनी मला पाहिलं. हात लपवला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू एक दिवसाआड देणं सुरू केलं, तवापासून."

"रोज?"

"रोज नाही तर काय. तू रोज नाही जेवत?"

"याडी, मी सांगितलं होतं त्यांना पुरतं म्हणून."

"तू सांगून चालली जाते दवाखान्यात. ते माह्यासमोर येऊन तोंड उघडतात."

मी ताकाचा पेला खाली ठेवला. "आणि तुम्ही? तुम्ही काय खात होता?"

"अर्धी बाटी खाते न."

"अर्धी? दोन भाकऱ्यांतली अर्धी? बाकी सगळी टाकीत?"

"सारी नाही. थोडी चिमण्याईले. वरण नंदाबाईच्या डब्यात." मग हळूच म्हणाल्या, "ताटात उरलं तं तू पाह्यते. तुले वाईट वाटते."

माझा आवाज चढला. गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की काय होतं, काल काय झालं असतं, सगळं बोलले. त्या खाली बसल्या. माझं संपेपर्यंत थांबल्या.

"पन्नास वर्ष वावरात डबा सोडला तर चार बायांईत सोडला," त्या म्हणाल्या. "घरी तुह्या सासऱ्यासंग. एकटीनं कधी खाल्लंच नाही, पुष्पा. इथं ताट घेऊन बसते तर समोर भिंत. घास तोंडात फिरते, खाली उतरत नाही. इकडं खुर्ची घेतली तर हे तिघं येतात. एक तुकडा त्याईले, एक मले. तशी अर्धी जाते."

लॅबमध्ये दुपारी आम्ही पाच जणी डबे उघडतो, एकमेकींच्या भाज्या चाखतो. याचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

मी स्वयंपाकघरातून माझं ताट आणलं आणि त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांनी पूर्ण एक भाकरी खाल्ली आणि दुसरीचा चतकोर. जेवताना मामंजींच्या बैलांबद्दल सांगत होत्या. एक बैल उसाशिवाय गाडीला मान देत नसे म्हणे.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आज टाकी.

डावा दगड हलवला तर मागून काळाकुट्ट चिखल निघाला. अडीच महिन्यांची भाकरी. वासानं देवीलाल खोलीबाहेर पळाले. रजतला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "ज्वारीची भाकरी, मॅडम? माझ्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि टेस्टमध्ये येणार कसं? जेवढं खत पडलं तेवढं शेवाळच ओढून घेत होतं. पाणी स्वच्छच दिसणार." मी विचारलं, भाकरी बंद, आता दगडांवरच्या या केसांचं काय? तो म्हणाला, हातानं उपटा, सावकाश.

मी ब्रश घेतला. याडी मागे उभ्या होत्या.

"असं नाही," त्या म्हणाल्या. "तू वरून तोडून राह्यली. मूळ तिथंच. अन् तोडलेलं पाण्यात सोडते, ते पुढच्या दगडावर जाऊन रुजते. वावरात निंदण कधी केलं नाही तू?"

मी खरंच केलेलं नाही. माझे वडील कंडक्टर होते.

हात कोपरापर्यंत साबणानं धुवून, मग शुद्ध पाण्यानं तीनदा धुऊन त्यांनी बाही वर केली आणि हात टाकीत घातला. "खारं हाये खरंच," म्हणाल्या. मग अंगठा आणि दोन बोटांत केसांची बट धरली, बुडाशी पीळ दिला आणि उचलली. दगडाचा पापुद्रा न निघता सगळी बट हातात. ती त्यांनी माझ्या हातातल्या वाडग्यात टाकली. मग दुसरी. मी बारीक नळीनं सुटलेले धागे ओढत राहिले. निळा मासा त्यांच्या मनगटावरचं जुनं गोंदण टोचून पाहत होता.

तीन तास लागले. मधे त्यांनी एक गाणं गुणगुणलं, तांड्यातल्या बोलीतलं. इतक्या महिन्यांत त्यांचा गाण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दोन दगड साफ झाले. उरलेले पुढच्या रविवारी. त्या म्हणाल्या, "एका पाळीत होत नसते. दोन-तीन पाळ्या लागतात."

२५ ऑक्टोबर

डॉक्टरांशी बोलून दुपारची एक ते दोन सुट्टी मागून घेतली. रोज घरी जेवते. नंदाबाईलाही त्याच वेळी बोलावते, तीही बसते. याडींचं वजन दीड किलो वाढलं. साखर एकशे चाळीस, डॉक्टर म्हणतात या वयाला उत्तम आहे. मला एकशे चाळीस लिहिताना हात अडखळला, तरी लिहिलं.

माशांचं खाणं आता याडींकडे. आमचं जेवण झालं की चिमूटभर दाणे, रोज. रजत म्हणाला, थोडं असेल तर रोज चालतं. भाकरी नाही, हे त्यांनी कबूल केलं, पण एका अटीवर. अंधारात कोंडायचं नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळीत तिसरी पाळी झाली. छत्रीनं बोटं काढली. एका कोपऱ्यात थोडं शेवाळ राहिलं आहे. ते मी घासायला गेले तर याडी म्हणाल्या, "राहू दे तेवढं. तुह्या गोगलगायी काय खातीन?" राहू दिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी याडींनी हाक मारली. घाईची नव्हती, पण वेगळी होती.

"इकडं बस. वरून नाही दिसत, खाली बस."

मी खुर्चीच्या पायाशी बसले. मधल्या दगडाच्या पोटाशी, आम्ही निंदलेल्या जागी, केशरी ठिपक्यांचं एक लहानसं जाजम होतं. राईपेक्षा लहान दाणे, एकमेकांना चिकटून. लहान क्लाउन मासा त्यांच्यावर परांनी वारा घालत होता. दुसरा, मोठा, निळ्याला हाकलत होता.

"अंडी आहेत, याडी."

"ते तं मले परवाच समजलं होतं. चार दिवसांपासून हा तिथं तोंडानं झाडून पुसून राह्यला. जागा सारवल्याशिवाय कोणी पाळणा बांधते का?"

दोन वर्षं मी या टाकीचं पाणी मोजतेय. कोण कोणती जागा साफ करतं, हे मला कधी दिसलं नाही.

रजतला फोन लावला. वारा घालणारा तो नर, म्हणाला. आठ-दहा दिवसांत फुटतील, पण पिल्लं टाकीत जगणं अवघड. जगली नाहीत तरी वाईट वाटून घेऊ नका, जोडी पुन्हा अंडी घालेल. मी याडींना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी असंच असते," आणि पुन्हा पाहायला लागल्या.

आम्ही तशाच बसलो. मी वही आणली नाही, काही तपासलं नाही. देवीलालनी चहा केला. तिघांचा, बिनसाखरेचा, आणि वाईट.

दहा वाजता धुरपताबाईचा फोन आला. कापूस वेचायला सुरुवात झाली आहे, दिवाळीत ठरल्याप्रमाणे देवीलाल या आठवड्यात याडींना तांड्यावर आणून सोडणार होते, तर कधी निघता म्हणून विचारत होत्या. मी फोन याडींच्या कानाला लावून दिला आणि कपड्यांची पिशवी कुठं ठेवली ते आठवत उभी राहिले.

"नाही वं," याडी म्हणाल्या. "आत्ता कशी येऊ. घरी बाळंतपण हाये."

पलीकडून बरंच काही विचारलं गेलं. याडी ऐकत होत्या. नजर काचेवर होती.

"कोणाचं ते फोनवर नाही सांगत," त्या म्हणाल्या. "तूच ये इकडं. पाहून जा."